ढोलकवाल्यावर आलेला आळ

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. तीत माझी काही मर्दुमकी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

मी मूळचा नागपूरचा. कॅनडात इंजिनिअर म्हणून आलो आणि तिशी उलटल्यावर पोलिसांत भरती झालो. "जावयाचं डोकं फिरलंय," असं सासरे चारचौघांत म्हणायचे. पश्चिम किनाऱ्यावर, सरेच्या आसपासच्या एका शहरात माझं पोस्टिंग होतं. ठाण्यात हिंदी येणारे आम्ही दोघंच, त्यामुळे देशी लोकांचं काहीही आलं की ते माझ्या टेबलावर येई.

पॅसिफिकमधल्या एका बेटांच्या देशात तेव्हा लष्कराने सरकार उलथवलं होतं. उसाच्या मळ्यांवर नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांचे वंशज तिथे राहतात, आणि त्यांतली बरीच कुटुंबं आमच्या शहरात स्थायिक झाली होती. सत्तेवरून हटवलेल्या पक्षाची इथेही एक शाखा होती. तिकडे विरोधकांना बराकीत नेऊन मारहाण चालली होती. त्याच्या निषेधार्थ शाखेने त्या देशाच्या इथल्या कार्यालयासमोर मोर्चा काढायचं ठरवलं. अर्ज घेऊन शाखेच्या सेक्रेटरी बाई आल्या. शाळेची बस चालवायच्या, बोलायला फटकळ. मी नियमाप्रमाणे तीन पानांचा फॉर्म पुढे केला. मार्ग, वेळ, आणि शेवटी दहा स्वयंसेवकांची नावं-पत्ते.

"नावं कशाला?" त्यांनी विचारलं.

"गडबड झाली तर फोन कुणाला करू?"

त्यांनी लिहून दिली. मोर्चा शांततेत पार पडला. आमचे लोक कॉफी पीत उभे होते.

तीन आठवड्यांनी ठाण्यात निनावी फोन आला. मोर्चातल्या लोकांची नावं तिकडे पोचली आहेत, सैनिक घरी जाऊन त्यांच्या भावांना उचलतायत, आणि त्या दिवशी व्हिडिओ कोण काढत होतं ते बघा. फोन कट. दुपारी सेक्रेटरी बाई आल्या. त्यांचाच धाकटा भाऊ बराकीत होता. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी बाई, खुर्चीत बसून नुसती रडत होती.

व्हिडिओ काढत होते एक सत्तरीचे गृहस्थ. जन्मभर सुतारकाम केलेलं, आता मंगळवारच्या भजन मंडळात ढोलक वाजवायचे. आणि त्यांचा जावई तिकडे लष्करात! एवढं समजल्यावर कुणाला आणखी काय हवं? मी त्यांच्या दारात पोचेपर्यंत बिरादरीने निकाल लावलाही होता. गाडीची काच फोडलेली. मंडळाने 'येऊ नका' असा निरोप धाडलेला. शेजारीण त्यांना बघून रस्ता ओलांडायची.

मी त्यांना ठाण्यात आणलं. तासभर इकडचं तिकडचं बोललो, मग हळूच विचारलं, "चाचा, टेप कुठे आहे?"

"जाळली."

"का?"

"लोकांचे चेहरे होते त्यात."

"मग मला दाखवायची होती ना."

"तुम्हाला का म्हणून दाखवू?"

बस्स! माझ्या मते केस तिथेच सुटली. पुरावा नष्ट केला, पोलिसांना उलट बोलला, जावई फौजेत. मी आवाज चढवला. दोन दिवस बोलावून त्यांना तेच तेच विचारलं. "हम नई करा, ऑफिसर," एवढंच ते म्हणत. हात गुडघ्यांवर, नजर माझ्यावर. निर्ढावलेला आहे, असं मी डायरीत लिहिलं. अजून ती ओळ आठवली की स्वतःचीच लाज वाटते.

त्याच आठवड्यात घरी बायको आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीचा फॉर्म भरत बसली होती. आमच्या असोसिएशनची ती त्या वर्षी अध्यक्ष होती.

"अहो, ही सगळ्यांची नावं, फोन नंबर घेता तुम्ही. ती जातात कुठे?"

"फाइलला लागतात. दुसरं काय?"

"नक्की? का अजून कुणाला अप्लिकेशन फॉरवर्ड करता?"

"करतो ना. ज्यांच्या दारात मिरवणूक जाणार त्यांना आधी कळवायचं, अशी पद्धत आहे," असं मी म्हणालो खरा, पण वाक्य पूर्ण होता होता मोर्चाचा फॉर्म आठवला. जेवण तसंच टाकून मी ठाण्यात गेलो.

मोर्चाची फाइल काढली. फॅक्सची पोच आत लावलेली होती. त्या देशाच्या कार्यालयाला पूर्वसूचना म्हणून अख्खा फॉर्म गेला होता, तिन्ही पानं. खाली सही माझी. ज्या पाच जणांच्या घरची माणसं तिकडे उचलली होती, त्या पाचही जणांची नावं शेवटच्या पानावर होती. त्यांतली एक बाई मोर्चाला आलीच नव्हती. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होती. कुठल्याच व्हिडिओत ती दिसणं शक्य नव्हतं. तिचं नाव फक्त माझ्या कागदावर होतं. पलीकडे त्या कागदाचं काय झालं हे मला कधीच सिद्ध करता आलं नाही, पण मला आणखी पुरावा नको होता.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, वकील बघतील, लेखी कळवू, तू तोंड बंद ठेव. त्यांचंही बरोबर होतं. पण मी एका म्हाताऱ्या माणसाला आयुष्यातून उठवलं होतं. मंगळवारी संध्याकाळी युनिफॉर्म न घालता मी त्यांच्या घरी गेलो, सगळं सांगितलं आणि त्यांना गाडीत घालून भजन मंडळाच्या हॉलवर नेलं. ते यायला तयार नव्हते, मीच गळ घातली.

सगळ्यांसमोर उभा राहून म्हणालो, "यादी यांनी दिली नाही. मी पाठवली. नियम म्हणून पाठवली, विचार न करता पाठवली. या माणसाने मात्र कुणाच्या हाती लागू नये म्हणून आपली टेप जाळली."

मग सेक्रेटरी बाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि बसायलाच हवी होती. पण त्या म्हणाल्या, "येऊन सांगितलंत, हे काय कमी आहे?" कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली, चहा आणला. तेव्हा चाचा दारापाशी उभे होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण शांतपणे म्हणाले, "हा एकदा म्हणाला 'मी केलं', ते तुम्ही लगेच मानलंत. मी रोज म्हणत होतो 'मी नाही केलं'. मला एकानेही बसायला सांगितलं नाही." आणि ते निघून गेले.

बाईंचा भाऊ पुढे सुटला, एका कानाने बहिरा होऊन. मला लेखी ताकीद मिळाली. नावांचं पान ठाण्याबाहेर न्यायचं नाही, असा आदेश निघाला. त्यानंतर कुणी नाव सांगायला नकार दिला की हा काय लपवतोय असं मी विचारत नसे, हा कुणाला वाचवतोय असं आधी स्वतःला विचारत असे. एवढं मी नक्की शिकलो. पण चाचा मंडळात परत गेले नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा त्यांनी दार उघडलं, मला नीट ओळखलं, आणि आत या म्हटलं नाही.