बुजगावण्याच्या गळ्यातली गाठ

आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुना पिंपळ आहे. त्यावर मुंजा राहतो म्हणतात. पाहुणे लोक त्याच्या सावलीतून जाताना भराभर पाय उचलतात, आणि मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच पिंपळाखाली शिदोरी सोडते... मुंजानं कधी माझ्या भाकरीचा तुकडा मागितला नाही. सांगायचं इतकंच की भूतखेत, उतारा, नजर, यातलं मी काही मानलं नाही. आजही मानत नाही. तरी या सदरासाठी लिहायला बसले आहे, कारण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आणि ती 'कुणीतरी सांगितली' अशी नाही, ती मी माझ्या या बोटांनी चाचपलेली आहे. माझी शाळा थोडकी झाली, पुढचं सगळं आपल्या आपण वाचून शिकले. तेव्हा लिहिण्यात कुठं वाकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही बार्शीटाकळीजवळच्या खेड्यातले, भाजीपाल्याचे लोक. वांगी, मेथी, सांबार (तुम्ही कोथिंबीर म्हणता तो) पिकवायचा आणि अकोल्याच्या बाजारात न्यायचा. ही गोष्ट माझ्या धाकट्या दिराची, महादेवची. मी त्यांना भाऊजी म्हणते, पण मी या घरात आले तेव्हा ते शाळेत होते, माझ्याच हातच्या भाकरी खाऊन मोठे झाले. तोंडानं भारी मश्कऱ्या माणूस. आणि त्याच तोंडात सकाळपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा. किती बोलले मी! "वैनी, खर्रा सोडला तं माहं बोलनं बंद होईन, मंग तुमाले करमन का?" असं म्हणून पुडी सोडायची.

डाव्या गालाच्या आत फोड आला आणि तो काही केल्या बरा होईना. तपासलं तर कॅन्सर. जाऊ माझी, रत्ना, तिचं माहेर अमरावतीला. राहायची सोय होईल म्हणून तिथल्याच एका दवाखान्यात ऑपरेशन केलं. पुढे डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. नाव किती साधं... थंडीत चुलीजवळ हात शेकावे तसं. पण त्या शेकानं भाऊजींचं तोंड आतून सोलून निघालं, गळ्याची कातडी काळी पडली, जेवणाची चव ना ढव. मी आणि रत्ना पाळीपाळीनं सोबत राहत होतो.

शेक सुरू व्हायच्या आधी त्यांची जाळी बनवली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पांढऱ्या प्लास्टिकचा, छिद्राछिद्रांचा एक पत्रा असतो. तो गरम पाण्यात मऊ करतात आणि माणसाच्या तोंडावर-गळ्यावर दाबून बसवतात. थंड झाला की कडक होतो, आणि माणसाचा हुबेहूब चेहरा त्यात उतरतो. नाक, ओठ, हनुवटी, गळ्याची घाटीसुद्धा. मग रोज शेकाच्या वेळी ती चेहऱ्यावर घालून टेबलाला पक्की अडकवतात, म्हणजे माणूस हलत नाही आणि शेक नेमक्या जागी लागतो. मशीनच्या खोलीजवळ एका मांडणीवर सगळ्या पेशंटच्या जाळ्या ओळीनं ठेवलेल्या. बिनडोळ्यांचे इतके चेहरे एका जागी... पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आपसूक डोक्यावर पदर घेतला, सासऱ्यांसमोर घ्यायचे तसा.

तिथेच गुणवंतराव भेटले. शेंदूरजनाघाटचे, संत्र्याच्या बागेवाले. त्यांचाही गालच, बाजूही डावीच. दोघांचा नंबर मागेपुढे यायचा. त्यांच्या मंडळी लीलाबाई आणि मी बाकावर बसून पातळ म्हणून काय काय करून घालता येतं याच्याच गप्पा मारायचो, आणि हे दोघं आपल्या दुखऱ्या तोंडानं एकमेकांची फिरकी घ्यायचे.

"काय महादेवराव, काय जेवले आज?"

"वरनाचं पानी. तुमी?"

"मी बी तेच. घरी संत्र्याचे झाडं वाकून राह्यले अन मले एक फोड तोंडात घालता येत नाई. देव बी काय मश्करी करते, बावा."

"मश्करी करते म्हनता, तं थो देव आमच्या गावचाच असन," भाऊजी म्हणाले. मग दोघं हसले, आणि हसल्यावर दोघांनी गाल धरले.

शेक पुरा झाला तेव्हा जाळी घरी नेता का म्हणून विचारलं. लीलाबाईंनी त्यांची जाळी पिवळ्या कपड्यात गुंडाळली, देवाजवळ ठेवते म्हणाल्या. आमच्या भाऊजींनी काखोटीला मारली आणि बसमध्ये चढले. घरी आल्यावर रत्ना दारातच आडवी आली.

"हे घरात आनू नका. जित्या मानसाचं मुंडकं घरात ठेवते का कोनी?"

तर यांनी काय करावं? वांग्याच्या वाफ्यात आमचं बुजगावणं होतं, पराटीच्या (कपाशीच्या) काड्यांचं अंग आणि मडक्याचं डोकं. त्या मडक्यावर ही जाळी चढवली, खाली स्वतःचा जुना सदरा घातला, आणि मला हाक मारली.

"पाहा वैनी, आता मी दिवस-रात वावरातच हाओ. रत्नी म्हनन, नवरा भेटला तं असा मेहनती!"

हसून हसून पुरेवाट झाली. गावातले लोक पाहायला यायचे. रोही (नीलगाय) म्हणे तिकडं फिरकेना. डॉक्टरलोक म्हणतील की अशी वस्तू कुणी बुजगावण्याला घालतं का... पण शेतकऱ्याच्या घरात कोणती वस्तू वाया गेली सांगा?

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "बरं वाटलं तरी तारखेला तपासायला या. हा आजार मागं वळून पाहतो." पहिल्यांदा भाऊजी गेले. मग पेरणी आली. मग पाऊस, मग सोयाबीन. तोवर अंगावर मांस चढलं, भाकर कुस्करून खायला लागले, खर्रा तर सोडलाच होता. मी विषय काढला की म्हणायचे, "बरा झालो ना मी? मंग बऱ्या मानसानं दवाखान्यात काहून जावं? तिथं गेलं का थे लोकं काहीतरी काढतेच." रत्नाही थकली होती. तिलाही वाटायचं, जे संपलं ते पुन्हा कशाला उकरायचं.

आता मूळ गोष्ट. पौष महिना, सकाळची वेळ, ऊन नुकतं वर आलेलं. मी वांगी तोडत त्या बुजगावण्यापाशी पोचले. जाळीवर पाखरांनी घाण केली होती आणि दव पडलं होतं. माझ्या मनात आलं, काही झालं तरी भाऊजींचा चेहरा आहे, असा घाण कसा ठेवायचा? पदर ओला केला आणि पुसायला लागले. कपाळ पुसलं, नाक पुसलं, गाल पुसले. गळ्यावर आले तर उजव्या बाजूला, जबड्याच्या खाली, बोटाला उंचवटा लागला. बोराएवढा. बाहेर आलेला.

मला वाटलं काही चिकटलं असेल. नखानं खरवडलं, तर ती जाळीच होती. तिथली छिद्रंसुद्धा ताणून मोठी झालेली. मग वाटलं आतून काडी रेटत असेल. जाळी उचलून पाहिली. मडकं त्या जागेच्या वर संपतं, खाली नुसती मोकळी जागा... रेटायला काही नव्हतं. मी अंगठ्यानं तो उंचवटा दाबून पाहिला. दगडासारखा कडक.

दिवाळीत माझ्या नातीनं त्याच बुजगावण्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला होता. घरी येऊन तिच्याकडून तो मोबाईलवर मोठा करून घेतला. गळा साफ. सरळ.

भाऊजी ओसरीवर चहा पीत होते. मी म्हटलं, "भाऊजी, उजव्या बाजूनं गळ्याले काई लागते का तुमाले?"

त्यांनी चाचपलं. "नाई बा. काहून?"

मी सांगितलं. ते एवढे हसले की चहा सांडला. "बुजगावन्याले गाठ आली म्हनता? मंग त्यालेच न्या ना अमरावतीले! माहं काय काम?"

बरं का, मला राग आला. घाबरल्याचा राग वेगळाच असतो. लुगडं बदललं, वावरात जाऊन जाळी काढली, बाजाराच्या पिशवीत घातली आणि बसस्टॉपचा रस्ता धरला. मागून रत्ना ओरडत आली, "बाई, कुठी चालल्या?"

"अमरावतीले. बुजगावन्याले दाखवाले."

बस यायच्या आत भाऊजी आलेच. चपला उलट्यासुलट्या, सदऱ्याची गुंडी तुटलेली. "वैनी, लोकं हसून राह्यले ना! चाला परत."

"हसू द्या. तुमी तं आयुष्यभर लोकायले हसवलं, आज माह्यावर हसतीन."

गाडी आली, मी चढले. तेही चढले. अकोल्याला गाडी बदलली. मूर्तिजापूर गेल्यावर माझ्या मांडीवरची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणाले, "मले भेव वाटते, वैनी. म्हनून जात नोतो." इतक्या महिन्यांत पहिलं खरं बोलणं ते. डब्यातली भाकर काढून पुढे केली.

डॉक्टरीणबाई लहान वयाच्या, माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी आधी जाळी हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली. मी विचारलं, "उन्हानं झालं असेल का?"

"आजी, हे मऊ व्हायला चांगलं कढत पाणी लागतं. उन्हात राहून थोडं सैल पडलं तरी खाली बसेल. असं एकाच जागी वर कसं येईल?" मग जाळी बाजूला ठेवली आणि भाऊजींचा गळा तपासला. उजव्या बाजूला त्यांची बोटं बराच वेळ फिरत राहिली. "हाताला नीट लागत नाहीये. सोनोग्राफी करून घेऊ."

सोनोग्राफीत गाठ दिसली. खोलवर, उजव्या जबड्याखाली. सुईनं पाणी काढून तपासलं, तोच आजार पसरायला लागला होता. गळ्याचं ऑपरेशन झालं, खूप सोसलं भाऊजींनी. नंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वेळेत आलात, आणखी उशीर झाला असता तर करण्यासारखं फार राहिलं नसतं. जाळीबद्दल मात्र त्या पुन्हा बोलल्या नाहीत. मीच एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आजी, मला नाही सांगता येणार." मला आवडलं ते. उगीच काहीतरी सांगितलं नाही.

भाऊजी आज आहेत. मान एका बाजूला थोडी आखडते, मश्करी पूर्वीसारखीच. तारीख चुकवत नाहीत. जिनं जाळीला उंबरा ओलांडू दिला नव्हता त्या रत्नानं ती आता फडताळात ठेवली आहे, आणि पुसताना ती सगळीकडून चाचपते. मी रागावते तिला. म्हणते, "जाळी नोको चाचपू, मानूस ने तपासाले!" हे वाचणाऱ्यांनाही तेच सांगते. घरात असा पेशंट असेल तर बुजगावण्याची वाट पाहू नका.

मी मनाला पुष्कळ समजावून पाहिलं. जाळी आधीपासूनच तशी असेल? मग फोटोत का नाही? कुणी मश्करी केली असेल? मग जागा नेमकी तीच कशी, जी खुद्द भाऊजींनाही माहीत नव्हती? जावई म्हणाले योगायोग. असेल. मी भांडले नाही.

पण मला खरी रुखरुख आहे ती दुसरीच. गुणवंतराव गेले. एकही तारीख न चुकवता गेले. आजार तोच, बाजू तीच, शेक तोच, पथ्यपाणी तर आमच्यापेक्षा जास्त. त्यांचा आजार फुफ्फुसात निघाला आणि मग काही हाती लागलं नाही. मी आणि भाऊजी शेंदूरजनाघाटला भेटायला गेलो. भाऊजी अंगणातच घुटमळले. वाचलेल्या माणसानं तिथं कुठं बसावं, त्यांना कळेना. लीलाबाई स्वतः बाहेर आल्या.

"महादेवराव, आत या ना. तुमी बोलले का मले त्यायचंच बोलनं आयकू आल्यासारखं वाटते."

भाऊजी आत आले. त्यांना रडताना मी त्या दिवशी पाहिलं.

आमच्या जाळीची हकिकत लीलाबाईंच्या कानावर आधीच गेली होती. थोड्या वेळानं त्या उठल्या, देवाजवळून ते पिवळं गाठोडं आणलं आणि माझ्या मांडीवर सोडलं. गुणवंतरावांचा चेहरा. हनुवटीवरची खळीसुद्धा तशीच.

"पाहा बरं तुमी हात फिरवून. मले नाई लागत काई. तुमाले समजते."

मला काय समजतं? पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहून नाही म्हणवेना. मी हनुवटीपासून खांद्यापर्यंत बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. मनात म्हणत होते, काहीतरी लागू दे... लागून तरी आता काय उपयोग होता? सगळीकडे सारखी, सरळ होती.

"मी रोज दिवा लावत होती तिच्यापाशी," लीलाबाई म्हणाल्या. "तुमची तं वावरात, पावसापान्यात उभी होती. तिनं सांगतलं. मंग आमच्या जाळीनं काहून नाई सांगतलं, बाई?"

या प्रश्नाचं उत्तर कुणाजवळ असेल तर मला जरूर कळवा. डॉक्टरांजवळ असो, देवाच्या माणसाजवळ असो, मी ऐकायला तयार आहे.

"मले नाई मालूम, लीलाबाई," त्या दिवशी मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. जाळी माझ्या मांडीवरून उचलून परत कपड्यात बांधली. मग म्हणाल्या, "आज मुक्काम करा."

आम्ही मुक्काम केला.