आक्काची शेळी

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. आज सुनेनं हिरवे टोमॅटो आणि मिरच्या तव्यावर टाकल्या, वास सुटला, आणि मी चटकन उठून दार लावलं.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही शिंगणापुरात राहायचो. तिथे घरांना दारं नव्हती. बायको पोटुशी होती, तिला आंबट खावंसं वाटे. शेजारच्या काशीआक्कानं भांड्यांच्या पाण्यावर टोमॅटोची चार झाडं जगवली होती. भरदुपारी मी ती ओरबाडली. बायको चटणी वाटायला बसली, पण वास कोंडायचा कुठे? या गावात चोरी करणाऱ्याचे डोळे जातात, हे लहानपणापासून ऐकलेलं.

एवढ्यात आक्काच आत आली. "लई खमंग वास सुटलाय गं. माजी झाडं कुनीतरी ओरबाडली. मागितलं असतं तर दिलं नसतं व्हय?"

बायकोनं मान खाली घातली. मी म्हणालो, "तुमच्या शेळीनंच खाल्लं आसंल, आक्का."

पुढच्या बाजाराला आक्कानं शेळी विकली. तिच्या घरात दूध त्या शेळीचंच होतं.

मुलगी झाली तेव्हा मी आधी तिचे डोळे पाहिले. चांगले होते. तिला न्हाऊ घालायला आक्काच यायची. ती पाय पसरून बाळाला घेई, आणि रोज जुळवलेलं वाक्य माझ्या घशातच राही: "आक्का, शेळी न्हवती, मी हुतो."