फ्रीजमागची रुई

शेठजींच्या घरी फ्रीज आला तो काकींच्या औषधासाठी. काकी म्हणजे शेठजींच्या पत्नी. त्यांना मधुमेह होता, दोन वेळा इन्सुलिनची सुई लागे आणि जळगावच्या उन्हाळ्यात त्या बाटल्या टिकत नसत. मुंबईहून नवं पार्सल यायला आठवडा जाई. माझे वडील शेठजींच्या जिनिंगमध्ये रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, गठ्ठे बांधत. मला कॉलेजात शिकवलं ते शेठजींनीच. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. सत्तावन्न-अठ्ठावन्नचा मे महिना असेल.

फ्रीज माणसाएवढा उंच होता. स्वयंपाकघरातली धान्याची जुनी कोठी काढल्यावर भिंतीत खण रिकामा झाला होता, त्यात तो नेमका बसला. सोबतची इंग्रजी पुस्तिका मी मोठ्याने वाचून दाखवली. मागे आणि बाजूंना चार बोटं, वर वीतभर जागा मोकळी सोडा, असं तीत होतं.

"का म्हणून?" शेठजींनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. तेवढं म्हणायला हवं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते.

"त्यांच्या देशात भिंती ओल्या असतात," मी म्हणालो. "आपल्याकडे उलट फट बुजवायला हवी. बर्फ नाही का आपण भुशात ठेवत?"

"ऐकलंत? शिकलेला माणूस घरात असावा तो यासाठी!" शेठजी खूश झाले. भुशाने स्वयंपाकघर घाण होईल म्हणून रुई आणवली. वडिलांनी स्वतः ती काठीने ठासून भरली, अगदी गठ्ठ्यासारखी घट्ट.

चौथ्या दिवशी दुपारी काकींनी मला बोलावलं. "हे थांबतच नाही रे, सकाळपासून घुरघुर चाललीय. आणि पाणी पिऊन बघ. माठातलं याहून गार."

मी दार उघडलं. औषधाच्या बाटल्या हाताला कोमट लागल्या. खणाच्या लाकडी चौकटीला हात लावला तर चटका बसला. मग करपल्या रुईचा वास आला. जिनिंगच्या आवारात वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही.

मी धावत जाऊन वडिलांना आणलं. त्यांनी नुसतं हुंगलं. "बठ्ठी रुई काढनी पडी. पहिले बटन बंद कर."

सगळी रुई काढायची म्हणून दोन हमालांनी फ्रीज पुढे ओढला. फ्रीज आतली उष्णता मागून बाहेर टाकतो; ती कोंडून मागची रुई तपकिरी पडली होती. रुई आतल्या आत धुमसते, वरून दिसत नाही. वडील एकेक मूठ काढून बादलीत बुडवत होते. काढता काढता त्यांनी मला विचारलं, "तुले हाई कोन सांगं?"

"कोणी नाही, आबा. मीच मनाने बोललो."

शेठजी दारात उभे होते. "म्हणजे? ओल्या भिंतींचं ते?"

"मला ठाऊक नव्हतं, शेठजी. जागा का सोडायची ते."

त्यांनी फ्रीजमधल्या बाटल्यांकडे बघितलं. मग एवढंच म्हणाले, "आधी डॉक्टरांना आण."

डॉक्टरांनी पाचही बाटल्या उजेडात धरल्या. दोन गढूळ झाल्या होत्या, त्या फेकल्या. "उरलेल्या तिनांत किती दम आहे, सांगता येत नाही. संध्याकाळी टोचू, सकाळी लघवीतली साखर तपासू. लागू पडलं नाही तर..."

"तर काय, माझं गोड बोलणं बंद होईल," काकी म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सुई टोचली. चारी बाजूंनी जागा सोडून फ्रीज पुन्हा सुरू केला. तासाभराने मोटर आपोआप थांबली. पण बाटल्या आता गार झाल्या म्हणून गेलेला गुण परत येणार नव्हता, हे मला कळत होतं.

सकाळी सातला डॉक्टर आले. काचेच्या नळीत निळं द्रावण घेतलं, लघवीचे थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. हिरवटावर थांबलं तर औषध चांगलं, पुढे पिवळं होऊन विटेसारखा लाल रंग आला तर औषध मेलं, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. निळं हळूहळू हिरवट झालं. मला पिवळ्याची धास्ती होती. शेठजींचे ओठ हलत होते, बहुधा जप चालला होता.

डॉक्टरांनी नळी ज्योतीवरून काढली आणि खिडकीशी नेली. हिरवीच होती.

"चालेल," ते म्हणाले.

काकींनी पदर सारून सकाळच्या सुईसाठी दंड पुढे केला.