दाजींनी वापरलेला शब्द

इंग्रजी शब्दाला घाबरणारी साऱ्या कोल्हापुरात एकच बाई होती, ती म्हणजे माझी आक्का. आणि त्याला कारण तिचे यजमान, माझे दाजी. महाराजांच्या राज्यात दाजी शाळेत इंग्रजी शिकवत. अर्थ पाठ करून शब्द येत नाही, तो एकदा तरी स्वतः वापरावा लागतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. आणि वापरायचा म्हणजे वाक्यात नव्हे, संसारात. प्लेगच्या साली त्यांना ‘क्वारंटाइन’ सापडला. अंगात ताप नाही, काखेत गाठ नाही, तरी हे गृहस्थ दहा दिवस माळ्यावर जाऊन बसले. आक्का खालून टोपलीत भाकरी ठेवायची, ते दोरीने वर ओढायचे. पुढे ‘बॉयकॉट’ आला. दाजींना शत्रू असा कुणी नव्हताच, म्हणून त्यांनी आपल्या गरीब न्हाव्यावरच बहिष्कार घातला. तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या नव्या शिपायाने त्यांना गोसावी समजून फाटकातच पसाभर जोंधळे दिले. जर्मन लढाई सुरू झाली तेव्हाचा ‘न्यूट्रल’ तर आक्काला जन्मभर पुरला. सासू-सुनेचं वाजलं की दाजी दोघींच्या हातची अर्धी-अर्धी भाकरी खात आणि वर म्हणत, "माजं कुणाशीच वाकडं न्हाय." मग दोघींचंही त्यांच्याशी वाकडं व्हायचं.

लढाई संपली आणि मुंबईहून येणाऱ्या शिळ्या वर्तमानपत्रात त्यांना ‘इंटरनॅशनलायझेशन’ भेटला. मी समोरच बसलो होतो. एवढ्या लांबलचक शब्दाचा अर्थ काय, असं मी विचारलं.

"समुद्रात एक चिंचोळी वाट हाय," दाजी म्हणाले. "एका राजानं ती अडवायची न्हाय, सगळ्यांच्या बोटी जाऊ द्यायच्या. वापर सगळ्यांचा."

"मग बसा वाट बघत. आपल्या परसात कुठला आलाय समुद्र?" आक्का आतून म्हणाली. तिच्या आवाजात बरंच समाधान होतं.

खरोखरच तो शब्द कित्येक महिने तसाच पडून राहिला. दाजी त्या दिवसांत जरा चिडचिडे झाले होते. मग उन्हाळा आला. त्यांच्या परसात गोड्या पाण्याचा आड होता. ओढ्यापलीकडच्या, अस्पृश्य मानलेल्या वस्तीतल्या बायका आडापासून दहा हातांवर घागरी मांडून बसत आणि आक्का सवड झाली की वरून पाणी ओतायची. सार्वजनिक विहिरी सगळ्यांना मोकळ्या करण्याचा महाराजांचा हुकूम निघाला होता. पण घरच्या आडाला तो लागू नव्हता. एका दुपारी दाजी आणि मी परसात आलो, तर एक म्हातारी उन्हात बसलेली.

"आजी, कवाधरनं बसलाय?"

"सकाळधरनं की, मास्तर."

दाजींनी पोहरा आडात सोडला. मग त्यांनी पोहऱ्याचा दोर तिच्या हातात दिला.

"आड बाटंल की वो!" म्हातारी मागे सरली.

"वापर सगळ्यांचा. वढा."

आक्का दारात उभी होती. "आता माझ्या घरात कोण पाणी पिणार न्हाय," ती म्हणाली आणि रडली. पण संध्याकाळी घरातला माठ तिने त्याच आडाच्या पाण्याने भरला. माझ्या बहिणीचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

आक्का म्हणाली तसंच झालं. हळदीकुंकवाला बायका येईनाशा झाल्या. आमची आई लेकीला भेटायला यायची ती उपास सांगून. दाजींची घरातली चेष्टामस्करी कमी झाली. पण परसाला दार बसवून कुलूप घाला म्हणून सांगायला आलेल्या भाऊबंदांना त्यांनी बसायला पाट दिला आणि चहा विचारला. ते उठून गेले.

आणि मी? मी दर रविवारी जात असे. दाजी माझ्यापुढे तांब्या ठेवत आणि मी "आत्ताच पिऊन आलोय" म्हणत असे. माझ्या मुली लग्नाच्या होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. तीन-चार वर्षं हे असंच चाललं. मग एका रविवारी त्यांनी तांब्या ठेवलाच नाही. मला खोटं बोलावं लागू नये म्हणून. मी भर दुपारी स्टेशनपासून चालत आलो होतो, घशाला कोरड पडली होती. पाणी मागायला फार तर एक शब्द पुरला असता. दाजी ऊन फार आहे म्हणत होते, जाताना त्यांची छत्री घेऊन जा म्हणत होते. आणि मी तसाच उठलो.