सावकाशबाईंची मोजणी

माझ्या थोरल्या बहिणीला ऑफिसात सगळे सावकाशबाई म्हणतात. तोंडावर नाही, माघारी. तिला ते ठाऊक आहे आणि त्याचं तिला काही वाटत नाही. कुणीही घरी निघालं की फायलीतून मान वर न करता ती म्हणते, "सावकाश जा." साहेबांना म्हणते, शिपायाला म्हणते. एकदा मी अंघोळीला निघालो तेव्हा मलाही म्हणाली.

देशभरातले जुने रस्ते दुरुस्त करायचे आणि त्यांवरचे अपघात कमी करायचे असा सरकारचा एक मोठा कार्यक्रम आहे. पैसा कर्जाचा, आणि तो कुठल्या रस्त्याला, कशासाठी, आधी की नंतर, हे जिथे ठरतं त्या खोलीत ताईचं टेबल आहे. टेबल कसलं, नकाशांचा ढीग. त्या ढिगाखाली कुठेतरी तिचा चष्मा असतो आणि तो शोधण्यात ऑफिसचा बराच वेळ जातो.

आणि मी पंक्चरवाला. आता यातली गंमत तुमच्या लक्षात आली असेल. आमच्या घरासमोरून मोठा राष्ट्रीय महामार्ग जातो आणि त्याच्या पलीकडच्या कडेला माझं दुकान आहे. रस्त्याला खड्डे होते तोवर माझं बरं चाललं होतं. गाड्या रांगत यायच्या, आचके देत माझ्या दारात थांबायच्या. मग कार्यक्रमाचा पहिला टप्पा आला आणि ताईच्या ऑफिसनं रस्ता असा गुळगुळीत करून दिला की टायरला ओरखडा निघेना. सख्ख्या बहिणीनं पोटावर पाय दिला, असं मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. गिऱ्हाईक कमी झाल्यामुळे सांगायला वेळही भरपूर होता. शेवटी मी टायर विकायला लागलो आणि गाडं रुळावर आलं, पण ते मी ताईपुढे कधी कबूल केलं नाही.

घरात आम्ही तिघं. आई, ताई आणि मी. दुकान टाकून जेवायला येणं मला जमत नाही, म्हणून दुपारी आई डबा घेऊन येते. अंगावर जांभळी शाल, उन्हाळा असो की थंडी. घरून दुकान समोर दिसतं, पण मधला रस्ता ओलांडायचा म्हणजे दिव्य होतं. गुळगुळीत झाल्यापासून गाड्या नुसत्या उडत जायच्या. आई कडेला उभी राहायची, एक पाऊल पुढे टाकायची, मागे घ्यायची. मी इकडून ओरडायचो, "थांब! आई, थांब!" ती तिकडून ओरडायची, "थांबलेच आहे की!" ती दुकानात पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. मग डबा कसा गोड लागणार? मी तिच्यावर चिडायचो आणि ती भाजीत मीठ कमी पडलंय का विचारायची.

तेव्हा मी ताईच्या मागे लागलो. "तुमच्या त्या कार्यक्रमातून आमच्यापुढे पायी रस्ता ओलांडायचा सिग्नलवाला पट्टा बसव. मध्ये थांबायला कठडा कर. एवढं आईसाठी कर."

ताई म्हणाली, "आपला रस्ता मी बघत नाही. मी साहेबांना सांगून टाकलंय, तिथं माझं घर आहे, माझा भाऊ दुकान टाकून बसलाय, तो रस्ता दुसऱ्याकडे द्या."

मी कपाळावर हात मारला. लोक ओळख काढून काढून कामं करून घेतात आणि हिनं घरातली ओळख बाहेर नेऊन टाकली!

"मग तुझ्या त्या दुसऱ्याला सांग."

"त्याला सांगायची गरज नाही. नियम आहे. दुसऱ्या टप्प्यात पैसा अपुरा आहे, म्हणून दिवसभरात ठरावीक आकड्याइतकी माणसं जिथं रस्ता ओलांडतात तिथंच पट्टा मिळतो. मोजणीला माणूस येईल. भरली संख्या तर मिळेल."

हे ऐकून माझं डोकं चालू झालं. चालू झालं की ते कुठे जाईल ते सांगता येत नाही.

मोजणीवाला आला तो एक सज्जन, गोल चेहऱ्याचा गृहस्थ. घडीची खुर्ची टाकून झाडाखाली बसला. हातात दाबलं की टक् वाजणारं छोटं यंत्र. माणूस पलीकडे गेला की टक्, अलीकडे आला की टक्. मी आधीच आईला पढवून ठेवलं होतं. सकाळपासून तिनं फेऱ्या सुरू केल्या. गाड्यांमध्ये जरा फट दिसली की डबा घेऊन इकडे, डबा घेऊन तिकडे. मी दुकानातून इशारे करत होतो. माझी दोन-चार गिऱ्हाइकंही कामाला लावली, पण खरी बाजू आईनं लढवली. संध्याकाळी तिचे पाय सुजले, पण तोंडावर नुसता विजय. मोजणीवाल्यानं जाताना तिला वाकून नमस्कारही केला. संख्या भरली होती.

चार दिवसांनी ताई ऑफिसातून आली ती चप्पलही न काढता स्वयंपाकघरात शिरली. मी तिचा चेहरा बघितला आणि ताटावरून उठायच्या बेतात होतो.

"बस खाली," ती म्हणाली. "मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी चहाच्या वेळी तो मोजणीवाला आमच्या खोलीत सांगत होता. म्हणे त्या भागात डबे पोचवणाऱ्या म्हाताऱ्यांचा मोठा धंदा दिसतो. बिचाऱ्या दिवसभर राबतात. कंपनी चांगली असावी, सगळ्यांना एकसारखी जांभळी शाल दिलीय."

मला हसू आवरेना. आईलाही. ताईला आवरलं.

"आपला रस्ता बघणाऱ्या त्या सहकाऱ्याला मी सांगितलं," ती म्हणाली, "ती म्हातारी एकच आहे आणि ती माझी आई आहे. मोजणी रद्द झाली. परत झाली परवा, तुम्हाला न कळवता. आज आकडा आला, संख्या भरली नाही. पट्टा मिळणार नाही."

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. नको नको ते बोललो. तुझ्या नियमांना आईपेक्षा जास्त किंमत आहे, उद्या तिला काही झालं तर तुझे नकाशे पांघरून बस, असलं बरंच. ताई ऐकून घेत होती. तिचे डोळे भरले होते, पण बोलली ते एवढंच, "खोट्या माणसांवर आपण पट्टा घेतला असता तर कुठल्या तरी गावातला खरा पट्टा कापला गेला असता रे. पैसा तेवढाच आहे."

आई मात्र वेगळ्याच गोष्टीवर रागावली होती. "इतकी चालले मी, आणि सगळं फुकट? पाय बघ माझे."

ताई खाली बसली आणि आईचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळायला लागली. चोळता चोळता तिनं सहज विचारलं, "तू एकटीच का गं फेऱ्या मारत होतीस? शेजारच्या शिंपीणबाईंना घ्यायचंस बरोबर."

"ती कसली येतेय! तिनं तो रस्ता पायी ओलांडून किती वर्षं झाली."

"पण त्यांची बहीण पलीकडेच राहते ना? औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर?"

"राहते की. म्हणून तर गॅलरीत उभी असते सारखी."

ते आम्हालाही रोज दिसायचं, पण दिसूनही कधी बघितलं नव्हतं. शिंपीणबाई नवं कापड आलं की गॅलरीत येऊन ते उंच धरायच्या. समोरच्या गॅलरीतली धाकटी बहीण मान डोलवायची किंवा नाक मुरडायची. दोघी फोनवर बोलायच्या तेसुद्धा एकमेकींसमोर उभ्या राहून. आजारपणात शिंपीणबाई रिक्षा करून लांबच्या पुलाखालून वळसा घालून जायच्या, पण नुसतं बहिणीपाशी बसायला रोज कोण रिक्षा करतं?

"कधीपासून जात नाहीत त्या?" ताईनं विचारलं.

आईनं आठवून सांगितलं, "खड्डे होते तेव्हा जायची. तू रस्ता चांगला केलास ना, तेव्हापासून."

ताईचा हात थांबला. बराच वेळ तिनं आईचं पाऊल तसंच धरून ठेवलं. मला वाटलं होतं मीच तिला घायाळ करून सोडलंय. पण माझं सगळं बोलणं तिनं पचवलं होतं आणि आईचं हे साधं वाक्य तिला पचत नव्हतं.

"म्हणजे मी मोजते तरी कुणाला?" ती म्हणाली. "जे धीटपणे ओलांडतात त्यांना. जे भिऊन घरी बसले त्यांच्यासाठी टक् कोण करणार?"

त्यानंतरच्या रविवारी ती शिंपीणबाईंकडे गेली, आणि मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरोघरी. एकच प्रश्न विचारायची, पलीकडे कुठे जायचं बंद केलंत? पण आमच्या रस्त्यावर ती थांबली नाही. दुसऱ्या गावांतल्या तीन रस्त्यांवर, रजा टाकून, बसनं जाऊन, तिनं हेच विचारलं. कुणी दवाखाना सोडला होता, कुणी मैत्रीण, एका माणसानं समोरच्या नळावर जाणं सोडलं होतं आणि तो पाणी लांबून आणत होता. ती परत आली की तिच्या आवाजात राग असायचा, आणि तो आमच्यावर नसायचा.

पुढे साहेबांच्या खोलीत काय झालं ते मला तिच्या त्याच सहकाऱ्यानं सांगितलं. तो टायर बदलायला आला होता, त्यामुळे मी सावकाश बदलला. कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस आला होता. ताईनं मांडलं की नुसती मोजणी पुरत नाही, दोन्ही बाजूंच्या घरांत जाऊन विचारलं पाहिजे, आणि पट्ट्यांचा खर्च वेगळा न ठेवता त्याच रस्त्याच्या डांबराच्या खर्चातच धरला पाहिजे. वेगळा ठेवला की पहिली कात्री त्यावरच चालते.

साहेब म्हणाले, "अहो बाई, जे घडतच नाही ते मोजायचं कसं?"

"विचारून, साहेब."

"आणि पैसा?"

ताईनं चष्मा शोधला, सापडला नाही, तसाच नकाशा उलगडला. प्रत्येक रस्त्याच्या सुरुवातीला एक भव्य स्वागतकमान खर्चात धरलेली होती. कमानी साहेबांच्या फार आवडीच्या. ताई म्हणाली, "कमानी मागाहून बांधू. त्यांच्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही."

साहेबांनी नकाशा परत गुंडाळायला घेतला. पण बँकेच्या माणसानं विचारलं, "तुम्ही स्वतः किती घरांत गेलात?" आणि ताई बोलायला लागली ती चहा गार होईपर्यंत थांबली नाही. तो नळवाला, ती मैत्रीण, सगळे तिथं येऊन बसले म्हणे. आधी थोड्या रस्त्यांवर करून बघा, असं ठरलं.

थोड्या रस्त्यांत आमचा नव्हता. सहकारी निवडत होता आणि त्यानं जास्त वाईट रस्ते निवडले. ताई म्हणाली, "बरोबर केलं त्यानं." मी तिच्याशी आठवडाभर बोललो नाही. आई डबा आणत राहिली, मी "थांब" म्हणून ओरडत राहिलो. तिथं जमलं, तेव्हा तोच नियम सगळ्या कार्यक्रमाला लागू झाला आणि आमच्या दोन्ही बाजूंची दारं तोच प्रश्न विचारायला परक्या माणसांनी येऊन ठोठावली. आमचा नंबर लागला त्याला वर्षावर काळ गेला.

पट्टा सुरू झाला त्या दिवशी ताईनं अर्धी रजा घेतली. सकाळीच लांबून वळसा घालून दुकानात आली होती आणि स्कूटरच्या चाकात हवा कमी आहे असं सांगत होती. चाकात हवा ठासून होती. मी तरी पंप जोडला. खोटं बोलायची तिला सवय नाही, एखाद्या वेळी बोलू द्यावं.

समोर आई आली. जांभळी शाल, हातात डबा, आणि दंडाला धरून शिंपीणबाई. सिग्नल पडला. गाड्या थांबल्या, खरंच थांबल्या. दोघी निघाल्या. मध्यावर कठड्याच्या आत आल्या आणि शिंपीणबाईंचे पाय जे थांबले ते उचलेनात. आई त्यांना ओढत होती, समजावत होती. मी ओरडणार तेवढ्यात ताईनं माझा हात धरला.

औषधाच्या दुकानाशेजारच्या जिन्यातून ती धाकटी खाली येत होती. पायात चपला नव्हत्या, हातात अर्धा सोललेला बटाटा. पट्ट्यावरून चालत ती सरळ मध्यापर्यंत गेली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं गळ्यात पडतील. शिंपीणबाईंनी तिच्या बाहीची शिवण दोन बोटांत धरली आणि म्हणाल्या, "हे कुणाकडून शिवून घेतलंस गं? काय हे टाके!"

सिग्नल बदलला, गाड्या दोन्ही बाजूंनी वाहायला लागल्या. परत बदलला, परत वाहायला लागल्या. त्या दोघी काही जागच्या हलेनात. बोलत होत्या, रडत होत्या, बटाटा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात होता. आई तेवढी कंटाळली आणि पुढच्या सिग्नलला एकटीच आमच्याकडे आली. "घे जेवून," म्हणाली, "त्यांचं काही आज संपत नाही."

मी ताईला चिडवलं, "काय सावकाशबाई, मोजा की आता. टक् करा."

ताईनं डोळे पुसले, आणि हसत हसत म्हणाली, "कसं मोजू रे? दोघींतल्या एकीनंही अजून रस्ता ओलांडलेला नाही."