हेंकचा ओढा आणि आमचा गणपती

हेंक गेला. परवा सकाळी, गाईंना चारा घालता घालता.

मी सांगतेय, सून टाइप करतेय. मला अक्षर येत नाही. तिला बजावलंय, मध्ये स्वतःची अक्कल घालू नकोस.

हेंक म्हणजे आमच्या घरामागचा शेतकरी. माझ्या मुलाची, मिलिंदची नोकरी हॉलंडात, आइंडहोवनला, पण भाडं कमी म्हणून घर इथे लांब, लिम्बुर्गात.

हेंकच्या मक्यातून ओढा जातो. पूर्वी कुणीतरी पट्टीने आखल्यासारखा सरळ करून टाकलेला. हेंकने काठचा मका मोडला, ग्रँट मिळवली, ओढ्याला परत वळणं दिली, तळाला गोटे टाकले.

कशासाठी? सॅमन मासा समुद्रातून वर यावा आणि त्या गोट्यांत अंडी घालावी म्हणून!

"माशासाठी शेत सोडलंस? येडा आहेस."

सुनेने त्याचं डच केलं. बहुतेक गोड करून, कारण तो हसला.

ग्रँट निम्मी आधी, निम्मी तपासणीनंतर. गोटे स्वच्छ असले तरच. नाहीतर पलीकडच्या काठाचं काम अडणार.

हे आम्हाला कुठे ठाऊक? गणपती आले. दारात वाहतं पाणी असताना बादलीत विसर्जन कसलं, म्हणाले मी. शाडूचा बाप्पा, दीड दिवसाचा. दिला ओढ्यात सोडून.

दुसऱ्या दिवशी हेंक दारात. हातात चिखलाने माखलेला गोटा.

"ओमा, हे काय?" इथे आजीला ओमा म्हणतात.

"देव आहे," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

सुनेने सगळं समजावलं. त्याचा चेहरा उतरला. गोट्यांच्या फटीत माती बसली की अंडी गुदमरतात म्हणे. आणि तपासणी उद्यावर.

मिलिंद नुसता सॉरी सॉरी करत उभा. मी पदर खोचला, हेंकच्या बायकोचे गमबूट चढवले. गोटे बादलीत काढायचे, काठावर घासायचे, परत ठेवायचे. संध्याकाळपर्यंत.

मूर्तीचा उरलेला गोळा त्याने फावड्याने नाही उचलला. दोन्ही हातांनी उचलला आणि मला विचारलं, "कुठे ठेवू?"

"तुझ्या मक्यात. पीक बघ आता."

तपासणीवाला आला. हेंकने काहीच लपवलं नाही. "शेजारच्यांचा देव आला होता. धुऊन घेतलंय," म्हणाला. मी शेजारीच उभी, गमबुटात.

त्या माणसाने पुष्कळ वेळ गोटे उलटेपालटे केले. मग सही केली.

पुढच्या वर्षी गाईंचा पाण्याचा टब घासूनपुसून हेंकने स्वतः विसर्जनासाठी आमच्या दारात आणून ठेवला.

गेल्या महिन्यात त्याला छेडलं, "मासा येणार कधी रे?"

"वेळ लागेल, ओमा. मी असेन-नसेन. तू बघ."

"मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे, गाढवा!"

या वेळी सुनेने जसंच्या तसं सांगितलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

मासा अजून आलेला नाही. तो गेल्याचं कळलं तेव्हाही मी काठावर जाऊन बघून आले. पाणी स्वच्छ, गोटे स्वच्छ, मासा नाही.

हेंक, माझ्या वयाच्या बाईवर असली कामं टाकून जातात का रे?

बरं. जमेल तोवर बघेन. तू शांतपणे जा.