नाकेदारांच्या हद्दीतले दोन भाऊ

वाघाची परवानगी घेतल्याशिवाय जंगलात पाऊल न टाकणारा सरकारी नोकर साऱ्या हिंदुस्थानात एकच होऊन गेला, आणि माझं भाग्य म्हणा की भोग म्हणा, त्याच्या शेजारच्या खोलीत मी तीन वर्षं काढली. पन्नास सालानंतरची गोष्ट. आलापल्लीच्या पुढे, आडवाटेच्या एका गावात (नाव सांगत नाही) जंगल खात्यात मी कारकून म्हणून रुजू झालो. नागपूरच्या महालात वाढलेला मी. सागवान म्हणजे जेवायला बसायचा पाट, एवढीच माझी जंगलाशी ओळख. तिकडे जंगलाच्या राखणदाराला नाकेदार म्हणतात. आमचे नाकेदार पन्नाशीचे, काडीसारखे बारीक, मिश्या मात्र दोन माणसांना पुरून उरतील अशा. मी वळकटी खाली टाकली नाही तोच दारात हजर. "बाबू, खोली मस्त भेटली तुमाले. म्हाताऱ्याच्या हद्दीत येते." मला वाटलं, असेल कोणी वयोवृद्ध घरमालक. म्हटलं, उद्या सकाळी जाऊन भेटून येतो. नाकेदार माझ्याकडे बघतच राहिले. "अरे बापा! तुमी नोका जाऊ. त्याले वाटलं तं तोच येईन." म्हातारा म्हणजे वाघ, हे कळल्यावर मी आठ दिवस संध्याकाळी पाचलाच कडी लावून घेत होतो.

वाघांची बातमी नाकेदार शेजाऱ्यांची बातमी सांगावी तशी सांगत. कोण कोणाच्या हद्दीत घुसला, कोणी कोणाला नाल्यापार हाकललं, कोणाची कोणावर नजर आहे, सगळं तोंडपाठ. गावातल्या माणसांच्या भानगडींत त्यांना काडीचा रस नव्हता. स्वतःच्या सख्ख्या साडूचं नाव त्यांना आठवत नसे, पण म्हाताऱ्याच्या डाव्या पुढच्या पंज्याचं एक बोट वाकडं आहे हे ते झोपेतही सांगत. रोज सकाळी बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या फेरीवर, निघाले की पहिल्या नाल्याशी थांबायचे, वहाणा काढायच्या, दोन टाळ्या वाजवायच्या आणि मोठ्यानं सांगायचं, "आलो गा मालक! सरकारी काम हाय. सागवानाले खुणा करतो अन् वापस जातो." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. ते भयंकर चिडले. "काऊन हासून राह्यले? तुमी कोनाच्या घरी जाता तं कडी वाजवता का नाई?" परतताना "निघालो गा" म्हणायचं एखाद्या दिवशी राहून गेलं, तर घरी पोचलेला माणूस भरल्या ताटावरून उठून अर्धा मैल मागे जाई. त्यांची बायको, जिला सारं गाव बाई म्हणे, तिनं या ताटांसाठी वेताची एक वेगळी झाकणीच करून घेतली होती.

त्यांच्या नाकाचं काय सांगावं! वाघ आपली हद्द आखायला झाडावर जी फवारणी करतो, तिचा वास म्हणे चिन्नोर तांदळाचा भात शिजल्यासारखा येतो. नाकेदार दर ऐनाच्या झाडाला नाक लावत आणि बरोबरच्यालाही लावायला लावत. मी असली नऊ झाडं हुंगली. मला दरवेळी झाडाचाच वास आला. पण या नाकानं एकदा घात केला. बाईच्या माहेरी लग्न होतं. वरात मांडवाशी आली, आणि नाकेदार एकदम दोन्ही हात पसरून वाटेत आडवे. "थांबा! वाघानं आत्ताच निशानी मारली इथी. ताजी हाय!" वाजंत्री थांबली, नवरदेव बैलगाडीच्या दांडीवर चढून बसला, दोन व्याही एकमेकांच्या गळ्यात पडले. शेवटी मांडवामागून आचारी ओरडला की पंगतीच्या चिन्नोराला वाफ आली आहे, आता येता की भात लागू देऊ? बाई त्यांच्याशी होळीपर्यंत बोलली नाही. नाकेदारांचं म्हणणं मात्र शेवटपर्यंत एकच होतं, की चूक नाकाची नाही, आचाऱ्यानं भात जरा जास्तच चांगला शिजवला.

नाकेदार दुसरी यत्ता शिकलेले, त्यामुळे बीटची डायरी ते दर शनिवारी मला सांगत आणि मी लिहून घेई. कचेरीतली बाकीची दफ्तरं कशी लिहिली जात ते मला विचारू नका, पण नाकेदारांच्या डायरीत पाहिल्याखेरीज एक अक्षर नसे. पाऊस चार थेंब पडला तर चार थेंबच. एका हिवाळ्यात ते फार अस्वस्थ दिसू लागले. प्राणहितेकडून दोन जवान वाघ आले होते, एकाच आईचे, नर. दोघांनी मिळून म्हाताऱ्याला तीन आठवड्यांत नाल्यापार रेटलं. "एकेकटा आला असता तं म्हाताऱ्यानं दोघायलेबी फाडलं असतं. पन दोघं संगं आले ना! एक समोरून, एक बाजूनं." म्हाताऱ्यासाठी ते दोन दिवस जेवले नाहीत. मग तिसऱ्या दिवशी नाल्याशी जाऊन टाळ्या वाजवून आले, कारण हद्द आता ज्यांची त्यांना राम राम करायलाच हवा. मला म्हणाले, "लिहा बाबू. दोन नर वाघ. भाऊ भाऊ. एकाच हद्दीत राहून राह्यले. शिकारबी वाटून खाते."

ही ओळ नव्या रेंजरसाहेबांच्या नजरेस पडली. साहेब तरुण, देहरादूनला शिकलेले, आणि पुस्तकात नसलेलं काही जंगलात असूच नये अशा मताचे. त्यांनी नाकेदारांना समोर उभं केलं. म्हणाले, "नर वाघ कधी जोडीनं राहत नाही. ती सिंहांची तऱ्हा. दोन-तीन भाऊ टोळी करतात, दुसऱ्याचा मुलूख हिसकावतात आणि मिळून राखतात. वाघ एकटा. म्हणजे तुम्ही बीटवर न जाता घरी बसून डायरी लिहवता." नाकेदार हात जोडून म्हणाले, "साहेब, म्या सिंह कधी पाह्यला नाई. पन ह्या दोघायलेबी कोनी सांगतलं नाई ना, का तुमी वाघ होय म्हनून!" साहेब तापले. आठ दिवसांत दोन नर डोळ्यांनी दाखवा, नाहीतर बीट काढून घेतो आणि लाकडाच्या डेपोवर बसवतो, असा हुकूम झाला. नाकेदारांचं तोंड पांढरं पडलं. सत्तावीस वर्षं त्या एका बीटवर चाललेला माणूस डेपोवर ओंडके राखणार! त्या दिवशी ते घरी न जाता माझ्या ओसरीवर बसले. "बाबू, मले डेपोवर टाकलं तं मी मरून जाइन," एवढंच म्हणाले. एरवी मी त्यांची फिरकी घेतली असती. त्या दिवशी मुकाट्यानं चहा केला.

नाल्यातल्या झिऱ्यावर मचाण बांधलं. साहेब, नाकेदार आणि पंचनामा लिहायला मी असे तिघं भर दुपारी चढून बसलो. साहेबांची सक्त ताकीद होती, टाळ्या नाहीत, आवाज नाही. नाकेदार तळमळत होते. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात बसल्याची लाज त्यांच्या मिश्यांतून दिसत होती. शेवटी त्यांनी तोंडावर पंचा धरून काहीतरी पुटपुटलंच. उन्हं कलली तसा थोरला आला आणि पाण्याला तोंड लावलं. साहेबांनी एक बोट वर केलं. मागून धाकटा आला, त्यानं भावाच्या मानेवर डोकं घासलं. साहेब माझ्या कानात कुजबुजले, "लिहा, नर आणि मादी." नाकेदारांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात दोघा भावांना काय वाटलं कोण जाणे, पाणी पिऊन ते आमच्याच झाडाशी आले, आमच्याकडे पाठ केली, शेपट्या सरळ आभाळाकडे उचलल्या आणि बुंध्यावर एकामागून एक फवारणी केली. साहेब बघतच राहिले. नाकेदार अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, आता ह्याच्यापरीस जास्त काय दाखवावं त्यायनं?" मी पंचनाम्यात लिहिलं: नर दोन, खात्री पटली.

साहेब मनाचे मोठे निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्वांसमोर नाकेदारांचा हात हातात घेतला. नाकेदारांनी गावभर गूळ वाटला. पण साहेबांच्या आनंदानंच घोटाळा केला. त्यांनी ही नवलाई वर कळवली, वरच्यांनी आणखी वर, आणि महिन्याभरात नागपूरहून एका बड्या असामीचे पाहुणे दोन बंदुका घेऊन आले. आठ दिवसांचा परवाना. नाकेदारांनी रोज बीट पाहायची, वाघ कुठे आहेत ते डायरीत लिहवायचं, त्यावरून पाहुण्यांची बैठक ठरायची.

पहिल्याच दिवशी नाकेदार माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वहाणांना नाल्याचा ओला चिखल होता. "लिहा बाबू. वाघ दिसले नाई." माझा टाक थबकला. मी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "लिहा ना. सांगतलं म्या, लिहून तुमी राह्यले. पाप आधं आधं." मी लिहिलं. संध्याकाळी साहेबांनी डायरी उघडली, त्या चिखलाच्या वहाणांकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता सही केली. आठ दिवस असंच चाललं. नवव्या दिवशी पाहुणे रिकाम्या हातांनी, नाकेदारांना आळशी ठरवून निघून गेले.

मला वाटलं, आता गूळ पुन्हा वाटला जाईल. पण नाकेदार शनिवारी आले ते खाली मान घालून. "बाबू, ते आठ दिवसाचं पान दुरुस्त करता येते का? रोज दिसले होते मले. एक दिवस तं दोघं नाल्यात पाठीले पाठ लावून झोपले होते. ते आपल्याच घरी असून आपन त्यायले नाई म्हनून लिहून ठेवलं. जंगलात त्यायच्या नावानं तेवढाच तं कागद हाय." मी नियम सांगितला, सही झालेल्या पानावर खाडाखोड चालत नाही. ते "बरं" म्हणाले आणि गेले. पुढे माझी चांद्याला बदली झाली, नाकेदार नोकरीतून आणि मग जगातूनही गेले. इतक्या वर्षांत मला माझ्या त्या नियमाची लाज वाटत आली आहे. कोणाचं काय बिघडलं असतं? आज विचारायला ना साहेब आहेत ना सही. नाकेदार, लिहून घेतो: पहिल्या दिवसापासून आठव्या दिवसापर्यंत, नर दोन, भाऊ भाऊ, आपल्या हद्दीत, रोज दिसले.